उणे

दोरिवाल्दो झाडांच्या कमरा मोजतो.
तापाजोस नदीकाठी, सकाळी सहाला,
ऊन चढायच्या आत. आठ वर्षं हेच काम:
खोडाला बांधलेली स्टीलची पट्टी, तिची स्प्रिंग,
आणि वहीत मिलिमीटर.

गेल्या साली या जातोबानं खाल्लेली हवा
त्याच्या अंगाला लागली होती.
दोन मिलिमीटर.

यंदा पाऊस उशिरा, तोही तुटक.
होडी चिखलाला टेकली.
दुपारी पानं तोंड मिटून बसतात,
उघडलं तर पाणी जातं,
मिटलं तर जेवण.

आणि रात्रीही गार होईनात.
इलेनीर म्हणते, अंगणात झोपलं की
जंगलाचा श्वास मानेला लागतो,
तापलेल्या पोराचा लागतो तसा.
मनोऱ्यावरचं यंत्र तेच आकड्यांत सांगतं:
दिवसा घेतलं, त्याहून जास्त रात्री सोडलं.

आज पट्टी ढिली.
त्याला वाटलं, स्प्रिंग गेली.
हात पँटला पुसून पुन्हा मोजलं.
उणे शून्य पॉइंट तीन.

त्या रकान्यात उणेच्या चिन्हाला
जागाच ठेवली नव्हती कुणी.
ते त्यानं समासात काढलं,
बारीक, आडवं.

अजून एकोणसाठ झाडं होती.