तळहाताखालचा महिना

शुक्रवार दुपार. रुवीच्या खोलीत
एसीचं पाणी बादलीत थेंब थेंब.
परकारभाईंनी पलंगावर पसरलेत तेरा वर्षांचे तक्ते,
ऑफिसच्या प्रिंटरवर चोरून काढलेले,
चिकटपट्टीनं जोडलेले.

"बघ. दोनदा इथंच टेकला,
दोनदा इथूनच उठला."
फूटपट्टी मुलीची. मागे तिचं नाव, नववी ब.

मी म्हणालो, मागचं वळण कुणालाही दिसतं भाई,
पुढचा कागद हातात असतो ना.

तसा त्यांनी पंजा ठेवला,
झाकला सबंध पुढचा महिना.
"आता सांग."

लाल, लाल, मग एक कँडल
जवळजवळ देहच नसलेली, नुसती वात.
त्यापुढे त्यांची बोटं,
नखांत शिसपेन्सिलीची काजळी.

उठेल, मी म्हणालो. इथून उठणारच.

त्यांनी हात काढला.
तक्त्याची रेघ जिना चुकल्यासारखी खाली.

"मीही हेच म्हणालो होतो," ते हसले,
"दापोलीची कलमं तेव्हाच गेली."

मग पट्टी सरकवली शेवटच्या पानावर,
टेकलेले दोन तळ जोडत
रेघ ओढत राहिले उजवीकडे, जपून.
कागद संपला
तरी पेन्सिल थांबली नाही.
चादरीवर अजून आहे ती.