काट्याशेजारी

सांबऱ्याच्या टर्मिनलात माझी जागा ठरलेली,
तीन नंबर काउंटरच्या अलीकडे, वजनकाट्यापाशी.
पंधरा किलो पोटात, सात किलो हातात,
हे मी दिवसातून दोनशेदा म्हणते,
मराठीत, कन्नडात, मोडक्या हिंदीत.
काट्याला यातली एकही भाषा येत नाही.
लाल आकडा दाखवतो आणि गप्प बसतो.

मग बॅग खाली येते.
बॅगेमागून माणूस खाली येतो,
फरशीवर, सगळ्यांच्या पायांत.

उद्यमबागेतले विजापुरे हैदराबादच्या गिऱ्हाइकाला दाखवायला
नमुन्याचा क्रँकशाफ्ट घेऊन निघालेले,
टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा.
शाफ्ट ठेवला, कपडे काढले.
एका शर्टावर चार दिवस काढतो म्हणाले, होतंय की.
गोकाकच्या बाईंनी करदंटाचे सहा डबे मांडले रांगेत,
दोन पोरांना तिथंच खायला घातले,
एक माझ्या हातात कोंबला.
आम्हाला घ्यायची परवानगी नाही.
घेतला.

खानापूरच्या सिस्टर आग्नेलना खाली बसता येईना,
दोन्ही गुडघे नवे.
चेन मी उघडली.
गोळ्यांचे डबे, एक उशी, कापडात बांधलेला फोटो.
परक्या माणसाच्या बॅगेत हात घालताना
बघायचं कुठं, हे ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.
मी छताकडे बघत होते, सिस्टर माझ्याकडे.

दिवाळीनंतर वरून एक फॉर्म आला,
प्रवाशांचा अनुभव कसा सुधारता येईल?
हुद्दार साहेबांनी लिहिलं, मंद संगीत, कुंड्या, फोटो काढायला जागा.
बसलिंगनं लिहिलं, पिण्याच्या पाण्याचा नळ, दुसरा. पहिला चालत नाही.
मी लिहिलं,
काट्याशेजारी एक बाक.
बसायला नव्हे. बॅग उघडायला.
खाली रकाना होता, अपेक्षित फायदा.
त्यापाशी अर्धा तास पेन चावलं.
शेवटी लिहिलं,
लोकांचे आतले कपडे लोकांच्या चपलांपाशी येणार नाहीत.

उत्तर आलं, नोंद घेतली.
नोंद घेतली म्हणजे पुढं काय होतं
ते बेळगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पाच महिन्यांनी बाक आला की खरंच!
स्टीलचा, चकचकीत, पाठीवर स्टिकर,
आपला अनुभव, आमची सेवा.
नेऊन ठेवला दारातल्या निळ्या भिंतीपुढं.
त्यावर बसून लोक फोटो काढू लागले.
काट्यापाशी लोक खाली बसतच होते.

शनिवारी शेवटचं विमान बंगळूरला गेलं,
अर्धे दिवे मालवले,
बसलिंग म्हणाला, हिडी अक्का, तिकडून हिडी.
मी धरलं.
उचलवेना, म्हणून ढकलला.
अठ्ठावीस फरश्या.
एक पाय ओरडत गेला सगळी वाट,
सगळ्या रिकाम्या टर्मिनलला सांगत.

सकाळी साहेबांनी बाक बघितला,
मग फरशीवरचा ओरखडा,
दारापासून काट्यापर्यंत, नकाशावरच्या रेघेसारखा.
हे कुणी?
मी टॅग मोजत होते.
बसलिंगनं वर बघितलं.
विमानतळावर वर बघणाऱ्याला
कुणी काही विचारत नाही.

पहिला आला तो हिंडलग्याचा एक पोरगा,
पहिल्यांदाच निघालेला, बुटांची लेबलं अजून तशीच.
पंधरा किलो नऊशे.
त्यानं बॅग बाकावर ठेवली, उभ्याउभ्या उघडली,
आईनं भरलेली मेतकुटाची बरणी काढली, हातातल्या पिशवीत टाकली,
चेन ओढली, काट्यावर ठेवली.
चौदा किलो आठशे.
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही,
बाकाकडे तर नाहीच.
गेला.

ओरखडा अजून आहे.
मालन रोज पहाटे त्यावर पोचा मारते,
रोज मला विचारते, हे निघंल काय गं?
मी म्हणते, बघ मारून.