दशी

साखर पेठेत रद्दीवाल्याकडे किलोवर मिळाला
एक जाडजूड इंग्रजी कोश,
बंद गिरणीच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का असलेला.
पुठ्ठा त्याने आधीच फाडून वेगळा ठेवला होता,
पुठ्ठ्याला भाव जास्त.

मी शोधत होते वेगळंच काही.
बोट अडकलं ‘थ्रम’वर.
कापड कापून उतरवल्यावर
मागावर जे उरतं ते.
फणीत अडकलेलं वीतभर सूत
ज्याचं कधीच कापड होत नाही.

सोलापुरात हे कुणाला समजावायला नको.
एक असली तर दशी,
चार जमल्या की दशा,
आणि मग ती कुणाचीही होते.

नायना खिसे भरभरून आणायचे.
विडीचा दोरा संपला की
अम्मा त्याच दशांनी विड्या बांधायची,
पंचवीसच्या कट्ट्यात एखादी लाल, एखादी मोरपंखी.
मुकादम तेवढ्या बाजूला काढायचा.

फार जुन्या इंग्रजीत, कोश म्हणतो,
जिभेखालच्या दोरीलाही हेच नाव होतं.
मी आरशासमोर जीभ उचलली.
आहे. निळसर, ताणलेली.
घरात तेलुगू, शाळेत मराठी,
शेजारच्या नीलव्वाशी भांडायला कन्नड,
सगळं एवढ्याशा टोकाला सांधलेलं.

खाली बारीक टाइपात आणखी एक थ्रम:
यंत्राची खोल, न थांबणारी घरघर.
स्पेलिंग एक, कुळी निराळी,
पहिल्याशी काही नातं नाही म्हणे.

नायनांना सांगायचं म्हणजे ओरडायचं,
बत्तीस वर्षांत मागांनी कान नेले त्यांचे.
इंग्रजीत दशीला आणि मागाच्या आवाजाला
एकच शब्द आहे, नायना!
असणारच, ते म्हणाले,
एकाच खोलीत राहिलेत की दोघं.

मग त्यांनी तळवा भिंतीला लावला.
पलीकडे गुंडेटींचे टॉवेलचे चार माग.
तिसरा लंगडतोय, म्हणाले.
जा, सांग त्याला, पट्टा सैल झालाय.

सांगून आले. झालाच होता.
तोवर अम्माने कोश मिटून
कपाटावर ठेवला होता,
पान हरवू नये म्हणून आत एक दशी घालून.
तिला वाचता येत नाही.
दशी भलत्याच पानावर आहे.
मी अजून ते पान उघडलेलं नाही.