नाव काढणारा

विमानात बसवताना आई म्हणाली होती,
तिकडे जाऊन नाव काढ, पोरा.
एव्हारिस्तोनं काढली.
वीस वर्षं, रात्रपाळीला, ब्राँक्सच्या यार्डात
डब्यांच्या पत्र्यावरून काढली,
ॲसिडनं, लांब दांड्याच्या ब्रशनं,
कधी नुसत्या नखानं.

संध्याकाळी फलाटाच्या शेवटच्या बाकावर
पोरं बसलेली असायची.
गाडी यायची, थांबायची, जायची,
चढायचं कुणालाच नसायचं.
कुणाचं नाव कुठवर जाऊन आलं
एवढंच बघायचं.
'ताल्बो १६३' समुद्रापर्यंत जाऊन आला
आणि त्याच्या मालकानं
हार्लेमची नदीसुद्धा ओलांडली नव्हती.

आकडा म्हणजे रस्ता. आडनावाच्या जागी रस्ता.
पुढे त्या रस्त्यावरची ती इमारत जळाली,
विम्यासाठी जाळली म्हणतात,
तरी १६३ शहरभर हिंडत राहिला
घर नसलेल्या पत्त्यासारखा.

डब्यातली गोळी खुळखुळू नये
म्हणून बुडाला लोहचुंबक.
कुंपणं दुहेरी झाली, मधल्या पट्टीत कुत्री आली,
कुत्र्यांसाठी पोरांच्या खिशात सॉसेज आलं.
अक्षरं आधी शाळेच्या वहीवरल्या सहीसारखी
सडपातळ होती,
मग त्यांना पोट सुटलं,
मग शिंगं फुटली, बाण फुटले,
आणि एकमेकांच्या गळ्यात अशी अडकली
की वाचायला लिहिणाराच लागायचा.
किंवा पुसणारा.

पुसायचं तर आधी वाचावं लागतं.
फोरमन मॅकइल्व्हेननं वही दिली होती:
डबा क्रमांक, नाव, ॲसिड किती गॅलन.
एव्हारिस्तो प्रामाणिक माणूस,
खोकत खोकत भरायचा रकाने.
शहराला लाज वाटत होती त्या नावांची,
वर्तमानपत्रं त्यांना नावं ठेवत होती,
आणि त्यांची हजेरी घेणारा
उभ्या शहरात हा एकटा.

मग एका मार्चनंतर
वहीत ताल्बो नाही.
सुधारला असेल, एव्हारिस्तो मनात म्हणाला.
बायको मिळाली असेल, किंवा नोकरी.
त्या आठवड्यात पत्रा लवकर स्वच्छ झाला
आणि त्याला उगाचच
कुणीतरी पगार कापल्यासारखं वाटलं.

निवृत्तीनंतर किती वर्षांनी
दारात एक बाई आली, नेरेइदा.
माझा भाऊ, म्हणाली. बोगद्यात. तिसऱ्या रुळावर पाय.
घरी त्याचा एकच फोटो आहे, बाप्तिस्म्याचा,
त्यात तो झोपलेला आहे.
कुणीतरी सांगितलं, तुमच्याकडे वही आहे.

कॉफी निवली.
एकेचाळीस वेळा होता ताल्बो.
तिनं एकेका नोंदीवर बोट ठेवलं,
घाई केली नाही, मोजलंही नाही मोठ्यानं.
मग विचारलं,
रंग कुठला असायचा?

रंगाचा रकाना नव्हता.

एव्हारिस्तो बराच वेळ खोकला.
म्हणाला, एकदा नारिंगी होता.
खिडकीच्या रबरात शिरून बसला.
तीन वेळा धुतला. चौथ्यांदा मी धुतलाच नाही.
वहीत मात्र 'साफ' लिहिलं.
वीस वर्षांत एवढंच खोटं.

केवढा राहिला होता?
त्यानं करंगळीचं नख दाखवलं.

तो डबा कुठे असेल आता?
जुने डबे तराफ्यावर चढवून समुद्रात सोडले,
त्यानं ऐकलं होतं, माशांना आसरा म्हणून.
सांगावं की नाही, याचा विचार करत
त्यानं कॉफी पुन्हा तापत ठेवली.
ती अजून वहीतच होती,
बेचाळिसावी नोंद शोधत,
मार्चच्या पुढच्या पानांवर.