क्लीनरसकट

पुस्तकात चहा ऐंशी अंशांवर ठेवलाय
आणि खोली पंचवीसवर.
पंचवीस!
सावद्याच्या वजनकाट्यावर मे महिन्यात, रात्री साडेअकराला,
भिंतीवरचा पारा छत्तिसावर,
पत्र्याची केबिन अजून दुपार धरून बसलेली,
पप्पांचा कप खिडकीत तसाच, निवायचं नाव नाही.
मी पंचवीस खोडून छत्तीस लिहिते.
उत्तर चार पर्यायांत कुठंच बसत नाही.

फिरके सर म्हणतात, प्रश्नातली खोली प्रश्नाचीच राहू द्यावी,
आपली घरी ठेवून यावं.
सीईटीला नऊ दिवस.
अवकल समीकरणं बत्तीस सुटली, अकरा अडली,
वक्राखालची क्षेत्रफळं आज काढायचीच.

शून्यापासून चारपर्यंत एक कमान,
वर गेली, खाली आली,
फणीतलं कडेचं केळं पालथं ठेवावं तशी.
तिच्या पोटात मी तिरप्या रेघा ओढते,
बारीक, जवळजवळ,
जणू रेघा दाट झाल्या की उत्तर आपोआप भरेल.
वरची सीमा टाका, खालची टाका, वजा करा.
सी लिहू नका, तो उडतो.
का उडतो, ते तासाची वेळ संपली म्हणून राहिलं.

हॉर्न.
दिल्लीची गाडी. संध्याकाळी रिकामी मोजलेली,
आता वरपर्यंत घड.
काट्यावर चढली तसं टेबल हललं, माझा एक्स-अक्ष हलला,
लाल आकडे धावले, अडखळले,
आणि पप्पा खिडकीतून मान काढून:
"क्लीनर कुठंय तुझा?"
"तंबाखू घ्यायला उतरला, भाऊ. काढा ना पावती."
"संध्याकाळी गाडीत होता तो."
"पंचावन्न किलोचं पोरगं, भाऊ..."
"मंग पंचावन्न किलो केळी कोणाची कमी करू? बसव त्याला."

मागं दोन गाड्या, हॉर्नवर हॉर्न.
पप्पा कपाला बोट लावतात, परत ठेवतात.
पोरगा पळत येतो, दाढेखाली चिमूट,
माझ्याच वयाचा असेल,
वर चढतो, आणि काटा
पंचावन्न नाही,
पंचेचाळिसानं पुढं सरकतो.

भरल्यातून रिकामं वजा.
ड्रायव्हर दोन्हीकडं, क्लीनर दोन्हीकडं,
सीटखालचा जॅक, पाण्याचा कॅन, आरशाला टांगलेली चुनरी
दोन्हीकडं,
म्हणून पावतीवर नुसती केळी.

मी पेन्सिल खाली ठेवली.
म्हणजे तो उडत नाही, सर.
तो गाडीतच बसलेला असतो.
फक्त दोन्ही वेळा तोच असला पाहिजे,
आणि कुणीतरी मान बाहेर काढून बघितलं पाहिजे.

मग भराभर: दोन गुणिले सोळा,
वजा चौसष्ट भागिले तीन.
बत्तीस छेद तीन. पर्याय क.

"काय आलं?" पप्पा, पावती फाडता फाडता.
"दहा पॉइंट सहा सहा सहा."
"किलो का टन?"
"चौरस एकक."
ते थोडा वेळ गप्प.
"अन् रिकामं किती होतं?"
"शून्य."
"पाहिलं ना नीट?"

मी खालची सीमा
परत टाकून बघते.