सोळा तांबे

अक्कलकोटच्या पलीकडे, जिथं दुकानांच्या पाट्या
दोन लिपींत बोलतात,
तिथल्या एका पडीक तुकड्यावर
आम्ही चार पोलादी खुंट्या ठोकल्या, एका ओळीत.
बाहेरच्या दोघी वीज देतात,
आतल्या दोघी ऐकतात.
मी मधे बसते, छत्रीखाली, पुढ्यात मशीनचा डबा,
आणि जमिनीला विचारते:
किती अडवतेस?

एवढंच असतं हे. पाणी यात दिसत नाही.
दिसतो तो अडसर.
काळी माती, पाच. मुरूम, तीस.
कुजका, भेगाळ खडक, साठ-सत्तर.
मग अखंड पाषाण, दोनशेच्या पुढं,
तिथं वीजसुद्धा पाय आखडते.

एप्रिलची माती खुंटीला धरेना.
"मिठाचं पाणी लागेल," मी म्हटलं,
"दर खुंटीच्या बुडाशी एक तांब्या."
निंगव्वानं घागर लगेच पुढं केली नाही.
"पाणी हुडकायला पाणी?"
टँकर परवाचा. पुढचा कधी, टँकरवाल्यालाच ठाऊक.
तरी ओतलं तिनं,
थेंब न सांडता, ओठांत मोजत:
ओंदु, एरडु, मूरु.

गुरुलिंग रीळ घेऊन पळायचा,
तार ताणली की हात वर करायचा.
वीस मीटर. तीस. पन्नास.
आता आकडा चढायला हवा होता.
तो उतरला.
चार.
साडेतीन.

"लागलं की बाई!"
बिराजदारांच्या पोरानं नारळ आणायला गाडीला किक मारली.
मला मात्र घाम फुटला.
एकवीस वर्षांत इतकी गोड बोलणारी जमीन
मी पाहिली नव्हती.
काळी माती खोटं बोलते, पण वरवर.
पन्नास मीटर खोल कोण इतकं खोटं बोलेल?

"इथून कधी पाइप गेलाय का?"

कोणी काही बोलेना.
मग चंद्रामतात्या, तंबाखूची पिंक टाकून:
"गेलाय की. नळयोजनेचा. लोखंडी.
पार नदीपासनं आलाय.
पाणी तेवढं यायचं राहिलं."

म्हणजे सकाळपासून माझी वीज
त्या कोरड्या पाइपाच्या अंगातून धावत होती.
बसवल्यापासून त्यातून
पहिल्यांदाच काहीतरी वाहिलं होतं.

ओळ मोडली. ओढ्यापलीकडं नेली,
पाइपापासून लांब.
पुन्हा घण, पुन्हा मीठ, पुन्हा तांब्या.
नारळ आला तो गाडीच्या हँडलला
पिशवीत लोंबकळत राहिला.

संध्याकाळी कागदावर रेघ जुळवली.
उतरली, चढली, चढतच गेली,
आणि चाळिसाच्या आसपास
जेवता जेवता बाहेरची हाक ऐकून
मान वळवावी, तशी किंचित वाकली.

तिथं चुना लावलेला दगड ठेवला.
"हाय का?"
"वाकलीय," मी म्हटलं.
"म्हणजे हाय."
"म्हणजे वाकलीय, तात्या.
खाली भेगा असतील. भेगांत ओल असेल,
नाहीतर चिकणमाती बसली असेल दडून.
वीज दोघींनाही सारखीच फसते."

गुरुलिंग खुंट्या उपटत होता.
प्रत्येकीच्या जागी एक ओला खड्डा,
त्यावर मुंग्या आधीच जमलेल्या.

निंगव्वा रिकामी घागर काखेत घेऊन उभी.
"सोळा झाले," म्हणाली. "लिवा तिथं."

आकड्यांच्या शेजारी शेऱ्याचा रकाना असतो.
त्यात आम्ही ऊन, वारा, जवळची विजेची तार लिहितो.
मी लिहिलं:
सोळा तांबे. उसने.