शेवटचं प्रकरण

त्या हिवाळ्यात तिब्लिसीत वीज
दिवसाला दोन तास यायची, तीही मनाला येईल तेव्हा.
वर्गात आम्ही अकराजण, ओव्हरकोट न काढता.
ग्वेलेसियानी सर मात्र टोपी हातात घेऊन आत यायचे.
म्हणायचे, थंडी अंगाला वाजते, रीतीला नाही.

पहिला धडा:
सगळं पाण्यापासून झालं, असं समुद्राकाठचा कोणी एक
अडीच हजार वर्षांपूर्वी म्हणून गेला.
मागच्या बाकावरून त्सिसाना म्हणाली,
त्याला आमच्या सहाव्या मजल्यावर बोलवा,
नळाला चार दिवस टिपूस नाही.
हसलो सगळे. तोंडांतून वाफ निघाली,
अकरा लहान ढग,
आणि क्षणभर त्या माणसाचं म्हणणं पटलं.

पुस्तक जुनंच होतं. सहाशे बारा पानं.
त्यात जो तो पुढच्याची पायरी:
हा चुकला, पण आधीच्यापेक्षा बरा;
तो बरा, पण त्याला अजून कळायचं होतं;
असं चढत चढत शेवटच्या प्रकरणात
सगळ्यांना सगळं कळलेलं.
ते प्रकरण सरांनीच लिहिलेलं.
शरदात विद्यापीठानं ते अभ्यासक्रमातून काढलं.
दोन ओळींची नोटीस, शिक्का जुन्याच देशाचा.

बाद्री म्हणाला, आम्ही तर ते जाळलं, सर.
नव्वद पानांत एक किटली उकळते.
कोणी हसलं नाही.
सरांनी विचारलं, चहा बरा झाला का?

मग त्यांनी फळ्यावर जिना काढला,
वरचा मजला तळहातानं पुसला
आणि बघत उभे राहिले.
तास संपला. घंटा वाजली नाही,
घंटाही विजेवर चालायची.

पुढचे दोन आठवडे सर आलेच नाहीत.
लामझिरानं त्यांना कोरड्या पुलावर पाहिलं,
जिथं अर्धं शहर आपलं घर
चादरीवर मांडून बसलं होतं.
पदकं, दुर्बीण, बायकोचं शिवणयंत्र.
पुस्तक एकही नाही.
तिनं ओळख दिली नाही. त्यांनीही.

परतले तेव्हा जिना फळ्यावर तसाच.
झाडूवालीला पगार नव्हता.
सरांनी खडूनं एकेका पायरीला
दार काढलं. एकीला खिडकी.
एकीवर धुराडं, जरा वाकडं.
म्हणाले, पायरीवर कोणी राहत नाही, मुलांनो.
ही माणसं इथं राहत होती.
मी तीस वर्षं त्यांच्या डोक्यावरून चाललो.

परीक्षा तोंडी, मेणबत्तीच्या उजेडात.
माझ्या चिठ्ठीवर तो आला,
शेगडीच्या उबेत बसून
जगातल्या सगळ्यावर शंका घेणारा.
मी म्हणाले, त्याच्याकडे सरपण होतं, सर.
गारठलेल्या माणसाला थंडीवर शंका घेता येत नाही.
बाहेरून आलेल्या परीक्षकानं भुवई उचलली.
सर मेणबत्तीकडे पाहत होते.
मेण ओघळून टेबलावर गोठलं होतं.
हे अजून मेणच का, त्यांनी विचारलं.
हो, म्हणाले मी.
कशावरून?
यावर मी जे बोलले ते आता आठवत नाही.
पाचपैकी चार मिळाले.

फेब्रुवारीत, पहाटे तीनला, पावाच्या रांगेत
माझ्या हातावर निळ्या शाईत दोनशे बारा.
सर दोनशे नऊ.
मध्ये दोन म्हाताऱ्या, एकमेकींत शाल वाटून घेतलेल्या.
मला वाटलं, आता काहीतरी बोलतील,
काळाबद्दल, संख्येबद्दल, निदान भुकेबद्दल.
ते मागे वळले. टोपी डोक्यावरच होती.
म्हणाले, तुला काय वाटतं,
पाव आपल्यापर्यंत येईल?

त्यांना खरंच माहीत नव्हतं.
मी रांग मोजायला लागले.